पिकाच्या पानातील कर्बग्राही विकर व त्याची सुधारणा

पिकाच्या वाढीचा विचार करताना शेतकऱ्याचे लक्ष प्रथम जमिनीकडे, नंतर पाण्याकडे व खताकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु उभ्या पिकात जो सुका भाग असतो, त्याचे वजन मुख्यतः जमिनीतून आलेले नसते. ज्वारीच्या कडब्याची एक पेंढी जाळून पाहावी. मागे थोडीशी राख उरते. पिकाने जमिनीतून घेतलेले बहुतेक क्षार त्या राखेत असतात. बाकीचा भाग वायुरूप होऊन हवेत निघून जातो. पिकाच्या सुक्या वजनात सुमारे ४० ते ४५ टक्के कर्ब असतो आणि तो जवळजवळ सर्वच पानांनी हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून मिळविलेला असतो. या लेखात त्या वायूस सोयीसाठी कर्बवायू असे म्हटले आहे.

हवेत कर्बवायूचे प्रमाण फार थोडे असते. हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ४२० भाग असतो. प्राणवायू मात्र दर शंभर भागांत जवळजवळ २१ भाग असतो. म्हणजे कर्बवायूच्या एका कणामागे प्राणवायूचे सुमारे पाचशे कण असतात. एवढ्या गर्दीतून कर्बवायूचा नेमका कण निवडून त्यापासून साखर घडविण्याचा आरंभ पानातील ज्या द्रव्याकडून होतो, त्याची ओळख करून देणे, त्यातील उणिवा सांगणे आणि त्या दूर करण्यासाठी चाललेल्या प्रयत्नांपासून आपल्या शेतकऱ्याने काय अपेक्षा करावी याचे दिग्दर्शन करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

विकर म्हणजे काय?

नाचणीस मोड आणले म्हणजे ती गोडसर लागू लागते. दाण्यातील पिठूळ द्रव्याची साखर होते म्हणून ही गोडी येते. हा पालट आपोआप होत नाही. अंकुरणाऱ्या दाण्यात एक विशिष्ट प्रथिन तयार होते व ते पिठूळ द्रव्याचे तुकडे करून त्याची साखर बनविते. सजीवांच्या शरीरात अशी रासायनिक कामे जलद घडवून आणणाऱ्या, परंतु स्वतः खर्ची न पडणाऱ्या प्रथिनांस विकर अथवा एन्झाइम असे म्हणतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. विकराच्या घडणीत एक विशिष्ट खाच असते. त्या खाचेत जो पदार्थ नेमका बसतो, त्यावरच ते विकर काम करते.

विकरे ही अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांपासून बनलेली असतात. साखळीतील कडी कोणती असावी हे जनुक ठरविते. जनुकात बदल केला तर कडी बदलते, कडी बदलली तर खाचेचा आकार बदलतो, आणि खाच बदलली तर विकराचे काम सुधारते किंवा बिघडते. विकरांच्या सुधारणेचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

रुबिस्कोची ओळख

कर्बवायू पकडणाऱ्या या विकराचे नाव रुबिस्को असे आहे. १९४७ साली अमेरिकेत वाइल्डमन व बॉनर या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक प्रथिन मोठ्या प्रमाणात वेगळे काढले, परंतु त्याचे कार्य तेव्हा त्यांस माहीत नव्हते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले येथे कॅल्व्हिन, बेन्सन व बॅशम यांनी किरणोत्सर्गी कर्बाचा उपयोग करून, हवेतील कर्ब पानात शिरल्यावर कोणकोणत्या पदार्थांतून जातो याचा माग काढला. या कार्यासाठी कॅल्व्हिन यांस १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे असे आढळून आले की, या मालिकेतील पहिली पायरी घडवून आणणारे विकर व पालकातील ते विपुल प्रथिन ही दोन्ही एकच आहेत. रुबिस्को हे सुटसुटीत नाव मात्र त्यास १९७९ मध्ये मिळाले.

रुबिस्को हे पृथ्वीवर सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन समजले जाते. भात, गहू यांसारख्या पिकांच्या पानातील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत भाग एकट्या रुबिस्कोचा असतो व पानातील एकूण नत्रापैकी सुमारे चतुर्थांश नत्र त्यात गुंतलेला असतो. शेतकरी भाताच्या खाचरात जो युरिया टाकतो, त्यातील पिकास लागू पडलेल्या नत्राचा मोठा वाटा अखेर या विकराच्या घडणीत खर्च होतो. नत्र कमी पडले म्हणजे पान पिवळे पडते आणि हरितद्रव्याबरोबरच रुबिस्कोही घटते.

वनस्पतीस या विकराचा एवढा साठा करावा लागतो, याचे कारण त्याचा मंदपणा होय. कित्येक विकरे एका सेकंदात शेकडो किंवा हजारो वेळा आपले काम करतात. पिकाच्या पानातील रुबिस्कोची एक खाच एका सेकंदात जेमतेम तीन-चार कण पकडते. काम करणारा मजूर सावकाश असेल तर मजुरांची संख्या वाढवावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

उणीव कोठे आहे?

मंदपणा ही एक उणीव झाली. दुसरी उणीव याहून मोठी आहे. रुबिस्कोला कर्बवायू व प्राणवायू यांतील भेद पुरतेपणी ओळखता येत नाही. १९७१ मध्ये बोव्स, ऑग्रेन व हेगमन यांनी असे दाखवून दिले की, हे विकर कर्बवायूऐवजी प्राणवायूही पकडते. सुमारे २५ अंश सेंटिग्रेड तपमानात, सर्वसाधारणपणे दर चार वेळांपैकी एक वेळ ही चूक होते.

चूक झाली म्हणजे साखरेकडे जाणारा पदार्थ तयार होण्याऐवजी दोन कर्बांचा एक निरुपयोगी पदार्थ तयार होतो. तो तसाच साचू दिला तर पानास अपायकारक ठरतो. म्हणून पेशीस तो तीन निरनिराळ्या कप्प्यांतून फिरवून दुरुस्त करून घ्यावा लागतो. या दुरुस्तीत पूर्वी मिळविलेल्या चार कर्बांपैकी एक कर्ब पुन्हा हवेत जातो, अमोनिया सुटतो व तो परत बांधण्यास शक्ती खर्च होते. या क्रियेस प्रकाशश्वसन असे म्हणतात. भात, गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या उत्पादनक्षमतेचा सुमारे २० ते ५० टक्के भाग, हवामानानुसार, या क्रियेत वाया जातो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

उष्णता वाढली म्हणजे ही हानी वाढते. याची दोन कारणे आहेत. तपमान वाढता पानातील पाण्यात विरघळलेला कर्बवायू प्राणवायूपेक्षा अधिक वेगाने कमी होतो, आणि खुद्द रुबिस्कोची पारखही मंदावते. त्यातच पाण्याचा ताण पडला तर पीक आपली पर्णरंध्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते, परंतु बाहेरचा कर्बवायूही आत येत नाही. मार्च २०२२ मध्ये देशात असाधारण उष्णता पडून दाणे भरण्याच्या वेळी गव्हाचे पीक सापडले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. अशा हानीस कारणे अनेक असतात, तथापि उन्हात पानाची कर्ब मिळविण्याची शक्ती घटणे हे त्यांपैकी एक होय.

येथे अशी शंका येईल की, निसर्गाने एवढे सदोष विकर का ठेविले? याचे उत्तर असे की, रुबिस्को अतिशय प्राचीन आहे. ते निर्माण झाले तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. त्या काळी भेद ओळखण्याची गरज नव्हती. पुढे वनस्पतींच्या पूर्वजांनीच प्राणवायू सोडून हवा पालटून टाकली, आणि जुने विकर नव्या हवेत अडचणीत आले.

ज्वारी व ऊस यांची युक्ती

काही वनस्पतींनी या अडचणीतून स्वतःच मार्ग काढला आहे, आणि त्यांत आपल्या परिचयाची पिके आहेत. १९६५ मध्ये हवाई बेटांतील संशोधकांनी उसाच्या पानासंबंधी एक वेगळे निरीक्षण प्रसिद्ध केले. उसात कर्ब प्रथम तीन कर्बांच्या पदार्थात न जाता चार कर्बांच्या आम्लात जातो, असे त्यांस आढळले. १९६६ पासून ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी या मार्गाचा पूर्ण उलगडा केला. अशा वनस्पतींस सी-४ वनस्पती असे म्हणतात. ऊस, ज्वारी, बाजरी व मका ही पिके या वर्गातील आहेत. हरळी व लव्हाळा ही चिवट तणेही याच वर्गात मोडतात. भात, गहू, तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग व कापूस ही पिके मात्र सी-३ वर्गातील आहेत.

सी-४ वनस्पतीच्या पानात दोन प्रकारच्या पेशी वाटणी करून काम करतात. बाहेरील पेशींत निराळे विकर असते. प्राणवायूमुळे त्याची फसगत होत नाही. ते कर्ब पकडून चार कर्बांच्या आम्लाच्या रूपाने आतील पेशींकडे पाठविते. तेथे तो कर्बवायू पुन्हा मोकळा होतो. आतील पेशींत कर्बवायूची इतकी दाटी होते की रुबिस्कोला प्राणवायू पकडण्यास फारशी संधी उरत नाही. त्यामुळे ज्वारी-बाजरीस कडक उन्हात कमी हानी सोसावी लागते, तेवढ्याच वाढीसाठी पाणी कमी लागते व थोड्या रुबिस्कोवर काम भागत असल्याने नत्राचाही उपयोग चांगला होतो. कोरडवाहू भागात या पिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जो आधार दिला आहे, त्यास हे एक शास्त्रीय कारण आहे. हीच रचना भातात आणण्याचा प्रयत्न फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. परंतु त्यासाठी विकरांबरोबर पानाची अंतर्गत रचनाही पालटावी लागते, सबब ते काम दीर्घ मुदतीचे आहे.

विकर सुधारण्याचे मार्ग

पहिला मार्ग, जलद रुबिस्को दुसरीकडून आणण्याचा. २०१४ मध्ये अमेरिका व इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी तंबाखूचे मूळ रुबिस्को काढून त्याजागी एका नील-हरित शैवलाचे जलद रुबिस्को बसविले. झाडे जगली व वाढली, परंतु त्यांस जादा कर्बवायू असलेल्या बंद जागेतच वाढवावे लागले. निंदणी करताना जो फार घाई करतो, त्याच्या हातून तणाबरोबर पीकही उपटले जाते. रुबिस्कोचेही तसेच आहे. जे जलद काम करते, त्याची पारख बहुधा कमी असते. २०२० मध्ये एका जीवाणूत सेकंदाला सुमारे २२ वेळा काम करणारे रुबिस्को आढळले, पण तो जीवाणू अत्यल्प प्राणवायूच्या जागी राहणारा आहे.

दुसरा मार्ग, निवडीने सुधारणा करण्याचा. चांगले कणीस बियाण्यासाठी राखून ठेवणे ही रीत शेतकऱ्यास नवी नाही. शास्त्रज्ञ तीच रीत प्रयोगशाळेत विकरांना लावतात. जनुकात सहस्रावधी बदल करावयाचे, ते जीवाणूंत घालावयाचे, ज्यांचे विकर सरस ठरेल ते निवडावयाचे व पुन्हा त्यांत बदल करावयाचे. या पद्धतीच्या संशोधनासाठी फ्रान्सेस आर्नोल्ड यांस २०१८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पिकाच्या रुबिस्कोस ही पद्धती लावण्यात मोठी अडचण होती. त्याचे आठ मोठे व आठ लहान भाग जुळविण्यास अनेक साहाय्यक प्रथिने लागतात व ती जीवाणूत नसतात. २०१७ मध्ये जर्मनीत ही साहाय्यक प्रथिने जीवाणूत घालून वनस्पतीचे रुबिस्को तेथे तयार करण्यात यश आले. २०२५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने जीवाणूच्या एका जलद रुबिस्कोची कार्यक्षमता, प्राणवायूच्या सान्निध्यात, २५ टक्क्यांपर्यंत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. ही सुधारणा अद्याप पिकात उतरलेली नाही.

तिसरा मार्ग, विकराचे प्रमाण वाढविण्याचा. जपानमधील तोहोकू विद्यापीठात रुबिस्को अधिक निर्माण करणारा भात तयार करण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रायोगिक खाचरात व पुरेसे नत्र दिले असता, त्याचे धान्य उत्पन्न २८ टक्क्यांपर्यंत अधिक आले. यातील ‘पुरेसे नत्र’ हे शब्द विसरता कामा नयेत.

चौथा मार्ग, उष्णतेत टिकाव धरण्याचा. रुबिस्कोची खाच अधूनमधून बंद पडते व ती मोकळी करण्याचे काम रुबिस्को-ॲक्टिवेज नावाचे दुसरे प्रथिन करते. त्याचा शोध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रथिन उष्णतेने लवकर बिघडते, आणि ते बिघडले म्हणजे रुबिस्को शाबूत असूनही अडून बसते. २०२० मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी गव्हाच्या या प्रथिनात एकाच अमिनो आम्लाचा बदल केला असता त्याची उष्णता सोसण्याची शक्ती वाढते असे दाखविले. उन्हाळा लवकर सुरू होणाऱ्या आपल्यासारख्या प्रदेशास या संशोधनाचे महत्त्व विशेष आहे.

पाचवा मार्ग, चुकीच्या दुरुस्तीचा खर्च कमी करण्याचा. रुबिस्कोची चूक टळत नसेल, तर तिची दुरुस्ती जवळच्या वाटेने करावी असा हा विचार आहे. इलिनॉय येथील शास्त्रज्ञांनी भोपळ्यातील व एका हरित शैवलातील जनुके तंबाखूत घालून, निरुपयोगी पदार्थ हरितकणातल्या हरितकणातच मार्गी लावण्याची सोय केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतावरील चाचण्यांत झाडांचे सुके वजन ४० टक्क्यांहून अधिक वाढले. पुढे हीच युक्ती बटाट्यात योजण्यात आली व २०२२ च्या हंगामात उष्णतेची लाट येऊनही त्याच्या कंदांचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी अधिक भरले. खाद्य पिकातील ही चाचणी आशादायक होय.

धुराड्यातील कर्बवायू

विकरांचा उपयोग शेताबाहेरही करून पाहिला जात आहे. प्राण्यांच्या रक्तात कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचे विकर असते. ते कर्बवायू पाण्यात मिसळण्याची क्रिया सेकंदास दहा लाख वेळांच्या घरात घडवून आणू शकते. कारखान्याच्या धुरातील कर्बवायू द्रवात शोषून घेण्यास त्याचा उपयोग व्हावा अशी कल्पना आहे. परंतु तेथील उष्णता व तीव्र रसायने यांत साधे विकर टिकत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत, निवडीच्या पद्धतीनेच, शंभर अंशांहून अधिक उष्णतेत टिकणारे असे विकर तयार करण्यात आले. हवेतील कर्बवायू १९५८ मध्ये दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे, हे ध्यानात घेता अशा प्रयत्नांची निकड समजून येईल.

कर्बवायू वाढला तर पिकास लाभच होईल, असे काहींस वाटते. सी-३ पिकांच्या बाबतीत त्यात काही तथ्य आहे. परंतु त्याच वाढीबरोबर उष्णता वाढते व रुबिस्कोची पारख घटते. शिवाय जादा कर्बवायूत वाढलेल्या भात व गहू यांच्या दाण्यांत प्रथिने, लोह व जस्त यांचे प्रमाण कमी होते असे प्रयोगांत दिसून आले आहे.

शेतकऱ्याने काय समजावे?

रुबिस्को सुधारलेले कोणत्याही पिकाचे वाण आजमितीस आपल्या देशात लागवडीसाठी उपलब्ध नाही. वर सांगितलेली बरीच कामे तंबाखूवर झाली आहेत, कारण त्या झाडात जनुक बदलणे सोपे जाते. तंबाखूचे पान वाढणे व गव्हाचा दाणा वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. पानाने अधिक साखर बनविली तरी ती दाण्यात साठविण्यास कणसाची क्षमता, नत्र व ओल ही सर्व लागतात. शिवाय असे वाण तयार झालेच तर त्याच्या सुरक्षिततेची कायद्याने ठरवून दिलेली तपासणी व परवानगी आवश्यक राहील.

सबब, कर्ब पकडणारे विकर बाटलीत भरून दिले आहे, ते फवारल्याने उत्पन्न वाढेल, असे कोणी सांगितल्यास शेतकऱ्यांनी पैसे देऊ नयेत. रुबिस्को हा फार मोठा रेणू आहे. पानावर फवारल्याने तो हरितकणात शिरून काम करू लागत नाही. तो पिकाने स्वतःच आत घडवावा लागतो.

मात्र पिकाजवळ आज जे विकर आहे, त्याच्याकडून पुरेपूर काम करून घेणे शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

नत्र एकदम न देता पिकाच्या गरजेनुसार हप्त्यांनी द्यावे. भातात पानांच्या रंगाचा तक्ता वापरल्यास गरज नेमकी कळते. गरजेपेक्षा अधिक नत्र दिल्याने खर्च वाढतो व रोग-किडींस वाव मिळतो.

फुलोरा व दाणे भरणे या अवस्थांत पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये. रंध्रे उघडी राहिली तरच कर्बवायू आत येतो. पाण्याची सोय नसेल तेथे आच्छादन व वेळेवर कोळपणी यांनी ओल राखावी.

बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपावी, म्हणजे दाणे भरण्याचा काळ थंडीत सापडतो आणि पानातील विकरे अधिक दिवस कार्यक्षम राहतात.

तणांचा बंदोबस्त लवकर करावा. हरळी व लव्हाळा सी-४ वर्गातील असल्याने उन्हात ती सोयाबीन किंवा भुईमुगापेक्षा वेगाने वाढतात. आरंभीचे काही आठवडे हातचे गेले तर पीक मागे पडते.

जेथे पाऊस बेभरवशाचा व जमीन हलकी आहे, तेथे ज्वारी-बाजरीचे क्षेत्र केवळ बाजाराकडे पाहून मोडू नये. शास्त्रज्ञ जी शक्ती भातात आणू पाहत आहेत, ती या पिकांजवळ निसर्गतःच आहे.

विकरांचे संशोधन धिम्या गतीने, परंतु निश्चित दिशेने पुढे जात आहे. त्याची फळे बियाण्याच्या रूपाने जेव्हा आपल्या बांधापर्यंत येतील, तेव्हाही ती चांगल्या मशागतीची जागा घेणार नाहीत. सुधारलेल्या विकरासही ओल, नत्र व ऊन लागेलच, आणि त्यांची वेळेवर तजवीज करण्याचे काम शेतकऱ्याकडेच राहील.